बांधावरच्या जांभळी

अशोक,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारासमोरच्या मांडवात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. ‘लहानपणापासूनचे मित्र’ म्हणून माझं नाव पुकारलं. मी माईक हातात घेतला, तू कष्टाळू होतास, हसतमुख होतास, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हतास, असं काहीबाही बोललो आणि खाली बसलो. तू मांडवात असतास तर मागून ओरडला असतास, “बाळ्या, ह्यो कोन मेलाय रं? मी न्हाई ह्यो!” आणि खरंच होतं ते. अध्यातमध्यात नसलेला अशोक मी तरी कधी पाहिला नाही. ग्रामसभेत तू बोलायला उठलास की सरपंच आधी पाणी मागवायचे. जे बोलायला हवं होतं ते परवा चारचौघांत बोलायची माझी छाती झाली नाही. आता तू ऐकायला नाहीस, उलटून बोलायला नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. असा मी शूर.

माझं रान वर, तुझी पट्टी खाली, मधे एक बांध. तिकोना गडाच्या उतारावर आपला शेजार एवढाच, त्या बांधाच्या ओळीपुरता. माझ्या वडिलांकडून मला चार एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराचं हलकं रान आलं. तुझ्या वडिलांकडून तुला नाचणीची अकरा गुंठ्यांची पट्टी आणि ओढ्याकडेचं भाताचं खाचर आलं, तेही सातबाऱ्यावर सात नावं घेऊन. त्यातली दोन पिंपरीला, एक मुंबईला आणि एक माणूस जिवंत आहे की नाही हे तुलाही सांगता यायचं नाही. शाळेत आपण एका बाकावर बसलो, धरणाच्या पाण्यात एकत्र पोहायला शिकलो आणि गुरुजींचा मारही बरोबरीनं खाल्ला. त्यामुळे मला कितीतरी वर्षं वाटायचं की आपण दोघं सारखेच आहोत. तुला तसं कधीच वाटलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

राबासाठी कवळ तोडायला जायचो तेव्हा तू झाडावर आणि मी खाली भारे बांधायला. भाताचं रोप टाकायच्या जागेवर वाळलेल्या फांद्या आणि शेण पसरून उन्हाळ्यात जाळायचं म्हणजे राब भाजायचा, आणि त्या फांद्या म्हणजे कवळ, हे मला आता बाहेरच्या पाहुण्यांना सांगायची सवय लागलीय. तुला कसलं सांगतोय. मला उंचीची भीती वाटते हे गावात फक्त तुला माहीत होतं. ते तू कुणाला सांगितलं नाहीस, मला चिडवायला मात्र मनसोक्त वापरलंस. शेंडा तोडायचा नाही, एका झाडाला लागोपाठ दोन वर्षं हात लावायचा नाही, पाय कायम खोडाजवळच्या जाड फांदीवर ठेवायचा, हे सगळं तू मला वरून ओरडून शिकवायचास. मी खाली मान वर करून ऐकत असायचो. तुझ्याइतका झाडावर सहज वावरणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

संस्थेच्या मॅडम गावात आल्या ते साल तुला आठवत असेल. मारुतीच्या देवळात बैठक झाली, पडद्यावर चित्रं दाखवली. उतारावर फळझाडं लावा, मधल्या पट्ट्यांत नाचणी, वरई घ्या, माती धरून राहील, पाचसात वर्षांत उत्पन्न सुरू होईल. रोपं फुकट, खत फुकट. झाडं जगली की पुढे दरवर्षी मोजणी करून झाडांमागे वेगळे पैसे. सगळ्यात पुढे तू बसला होतास आणि सगळ्यात जास्त प्रश्न तूच विचारलेस. मग अटी आल्या. सलग एक एकर हवं आणि सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची सही हवी. मॅडमना तुझ्यासाठी वाईट वाटलं, खरंच वाटलं, मी त्यांचा चेहरा पाहिला होता. पण फॉर्मला वाईट वाटत नाही.

बाहेर पडल्यावर मी तुला म्हणालो, “आरं, तुझं तू लाव की चार झाडं पट्टीत. रोपं मी देतो माझ्यातली.”

“आन् पाच वर्सं काय खाऊ? पाला?”

“थांबावं लागतंय अशोक. झाड म्हंजी थांबनं आलंच.”

“थांबायला घरात पगार लागतोय बाळ्या. तुझा पोरगा तळेगावला कंपनीत लागला म्हनून तुला झाडं सुचत्यात. तुझी झाडं पगारावर वाढनार हायत, पावसावर न्हाई.”

मी चिडलो. माझ्या घामाला तू कमी लेखतोस असं वाटलं. आपलं ते भांडण पुढे सहा-सात वर्षं चाललं, कधी चहाच्या टपरीवर, कधी पवनानगरच्या बाजारात, कधी नुसतं बांधावर उभं राहून. मी तुला आळशी म्हणालो, रडका म्हणालो. गरिबीचं कौतुक आहे तुला, असंही एकदा म्हणालो. तू दोन दिवस बोलला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी दारात येऊन चहा मागितलास. ते भांडण तू जिंकला होतास हे मला त्या वर्षीच कळलं होतं, ज्या वर्षी माझ्या आंब्याला पहिला बहर आला आणि मी पिकअप घेतली. पण कबूल केलं नाही. कशाला करायचं? समोरचा रोज भेटतोय, कधीतरी करू.

आणि त्या झाडांचे खड्डे कुणी घेतले? तूच. मी रोजावर तुलाच बोलावलं, कारण रोप तुझ्या हातचं मरत नाही असं सगळा गाव म्हणायचा. आंबे, फणस, आवळे आत लावून झाले. शेवटी जांभळीची रोपं उरली तेव्हा मी म्हणालो, ही बांधाच्या कडेनं लाव, म्हणजे आतलं रान मोकळं राहील आणि झाडांची संख्याही भरेल. तू बांधावर उभा राहिलास, सूर्याकडे पाहिलंस, मग खाली तुझ्या पट्टीकडे.

“पाच हात आत घे बाळ्या. हितं लावलीस तर दुपार कलली की सावली सगळी माझ्यावर.”

“रोपं बोटाएवढी हायत रं. सावली पडंल तवा बघू.”

माझं रान, माझी रोपं आणि तू रोजावर आलेला.  तू वाकलास आणि खड्डा घेतलास. पुढचे दोन उन्हाळे ओढ्यावरून कावडीनं पाणी आणून त्या रांगेला घातलंस. रांगेतली एकही जांभळ मेली नाही. मला आता असं वाटतं की तू एखादं रोप मुद्दाम मरू दिलं असतंस तरी मला कळलं नसतं. पण ते तुझ्या हातून व्हायचं नव्हतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याचा मी फायदा घेतला असं म्हटलं तर चालेल का? चालेल. म्हणतो.

मग पाहुणे यायला लागले. लांबलांबून गाड्या यायच्या. मी टोपी घालून उतारावर उभा राहायचो आणि ‘आम्ही छोट्या शेतकऱ्यांनी’ असं सुरू करायचो. गावात मी बाळू, तुझ्यासाठी बाळ्या, त्या दिवसांपुरता बाळासाहेब. तू मागे चहाची किटली घेऊन उभा असायचास आणि मी ‘छोट्या शेतकऱ्यांनी’ म्हटलं की खोकायचास. एकदा एका पाहुण्या बाईंनी सरळ तुलाच विचारलं, “दादा, तुमची किती झाडं आहेत?” तू म्हणालास, “लावली लय. माझं एक बी न्हाई.” सगळे हसले. मीही हसलो, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलो. तू नव्हतास हसला.

जांभूळ वाढायला हावरी. पाचव्या वर्षी रांग गच्च झाली. सहाव्या वर्षी भादव्यात तू मला बांधावर बोलावलंस आणि हातातल्या काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवलीस. चार वाजता सावली इथपर्यंत येते. रेघेच्या अलीकडे नाचणीची ताटं करंगळीएवढी बारीक आणि कणसं मिटलेली, पलीकडे बरी. पट्टीचा जवळजवळ निम्मा भाग रेघेच्या अलीकडे होता. तू तक्रार केली नाहीस. “बघून ठेव,” एवढंच म्हणालास. मी ‘अरेरे’ म्हणालो. माणूस दुसऱ्याचं नुकसान पाहून म्हणतो तसं अरेरे, जणू काही गारा पडल्या होत्या.

त्याच वर्षांत खालच्या अंगाची रानं विकली गेली. तू पूर्वी जिथून कवळ आणायचास तिथे बंगले झाले, भिंती झाल्या, फाटकावर राखणदार बसला. तुझ्या बांधावर ऐनाची दोन झाडं होती, त्यातलं एक वाळलं आणि दुसऱ्याच्या फांद्या तू आदल्याच वर्षी घेतल्या होत्यास. तुझ्यासाठी राबाला फांद्या उरल्या त्या दोनच जागी. एक माझ्या जांभळींवर. दुसरी वर गडाच्या उतारावर, जिथून पाय घसरला तर अडवायला काही नाही.

पौषात तू सकाळी खांद्यावर कोयता टाकून दारात आलास. मी ओट्यावर चहा पीत होतो.

“बाळ्या, बांधावरच्या रांगेतल्या माझ्या अंगाच्या फांद्या घेऊ का? मला कवळ बी व्हईल आन् औंदा नाचनीला ऊन बी लागंल.”

“आरं, मोजनी व्हायचीय. तोडलेलं चालत न्हाई त्यान्ला. फोटू काढत्यात.”

“कवा हाय मोजनी?”

“उन्हाळ्यात. ती झाली की घे की सगळ्या.”

“उन्हाळ्यात तोडलेलं वाळंल कवा आन् भाजू कवा?”

“मग औंदा दुसरीकडनं बघ.”

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. माणूस ढग पाहतो तसं पाहिलंस, येईल की नाही एवढंच बघायला. “बरं,” म्हणालास आणि कोयता दुसऱ्या खांद्यावर घेऊन गेलास. आयुष्यभर माझ्याशी भांडलेला माणूस त्या दिवशी भांडला नाही. मला तर सुटल्यासारखं वाटलं. मी आत जाऊन आणखी अर्धा कप चहा मागितला.

माघ संपता संपता तू गडाच्या उतारावरच्या ऐनावर चढलास. तुला त्रेपन्नावं वर्ष चालू होतं. खाली भारे बांधायला कांतावहिनी होत्या, मी नव्हतो. मी त्याच रांगेखालचं गवत काढत होतो आणि वरून त्यांची हाक आली. ती हाक मला आता जेवतानासुद्धा ऐकू येते. घोंगडीची झोळी करून आम्ही चौघांनी तुला खाली आणलं. दवाखान्याकडे निघालो तेव्हा पिकअपमध्ये मागे वहिनींच्या मांडीवर तुझं डोकं होतं. मला गाडी जोरात हाणावी की हळू न्यावी हेच समजेना. खड्डा आला की तू कण्हायचास, नंतर कण्हणं थांबलं. मला वाटलं, तुला बरं वाटतंय. सोमाटण्याचा फाटा यायच्या आतच वहिनींनी मागच्या काचेवर हात मारला आणि म्हणाल्या, “भाऊ, आता सावकास चला.”

तू माझ्याकडे फांद्या मागितल्या होत्यास हे गावात कुणालाच माहीत नाही. सगळे म्हणतात, वय झालं होतं, कशाला चढायचं एवढ्या उंच. मीही मान हलवतो. आठवड्यानं न राहवून मी मॅडमना फोन केला आणि विचारलं, मोजणीआधी एका अंगाच्या फांद्या घेतल्या असत्या तर चाललं असतं का? त्या म्हणाल्या, “अहो, खालच्या फांद्या छाटायलाच हव्यात की. शेजाऱ्याला ऊन मिळतं. तुम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.” असेल सांगितलं. मी लक्ष दिलं नसेल. ‘तोडायचं नाही’ एवढंच माझ्या कानात राहिलं, कारण तेवढंच मला सोयीचं होतं. गच्च रांग फोटोत छान दिसायची, अशोक. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तू मला नेहमी म्हणायचास की मी वाईट माणूस नाही, फक्त मला माझ्या बांधापलीकडचं दिसत नाही. मी त्यावर हसायचो. तुझ्या हातची झाडं, तुझ्या कावडीचं पाणी, तुझी लाजबिज न ठेवता केलेली थट्टा, शाळेपासून पाठीशी उभं राहणं, एवढं सगळं मी तुझ्याकडून घेतलं आणि ते घेतोय असंही मला कधी वाटलं नाही. माझी आई गेली तेव्हा माझ्या भावांच्या आधी तू आला होतास. बारा दिवस माझी गुरं तू पाहिलीस आणि मी तुला साधं ‘बरं झालं आलास’ म्हणालो नाही. आता म्हणतो. बरं झालं आलास. फार बरं झालं.

काल सकाळी मी लांब काठीला बांधलेला कोयता घेऊन बांधावर गेलो आणि तुझ्या अंगाच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. खालून उतरवता आल्या, झाडावर चढावंही लागलं नाही. तुला तर अर्ध्या दिवसाचं काम होतं ते. ओले भारे बांधले, पिकअपमध्ये टाकले आणि तुझ्या दारात आणून उतरवले. फांद्या ओल्या आहेत, उशीर झालाय, हे मला कळत होतं. पण रिकाम्या हातानं वहिनींसमोर जायचं धाडस नव्हतं. मला त्यांना दोनच वाक्यं सांगायची होती. अशोकनं माझ्याकडे फांद्या मागितल्या होत्या. मी नाही म्हणालो. वाटेत मी ती पाठ केली.

वहिनींनी भाऱ्यांकडे पाहिलं. “ह्या कशाला आनल्या भाऊ? औंदा राब कुनासाठी भाजू?”

मी ओट्यावर टेकलो. त्यांनी चहा टाकला. मी तोंड उघडायच्या आधी त्याच म्हणाल्या, “बरं झालं आलात, मीच येनार व्हते तुमच्याकडं. सोनाली म्हंती, आई, चल माझ्यासंगं लोनावळ्याला. तिच्या हाटेलात धुन्याला बाया लागत्यात. आता हितं एकटीनं काय करू? भात लावायला मानूस न्हाई. आन् नाचनी तर तितं येतच न्हाई आताशा. सावली लय.”

सावली लय. पाऊस लय, थंडी लय, तसं म्हणाल्या त्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“म्हनून म्हंते, पट्टी तुमीच घ्या करायला. तुमच्या रानाला लागूनच हाय. तितं बी झाडंच लावा. सह्यांचं मी बघते, समदी देत्याल. त्यातनं जे व्हईल त्यातलं मला वाट्यानं थोडं धाडत जावा. त्यांनी तुमची झाडं पोटच्या पोरागत बघितली. तुमी त्यांची पट्टी बघाल, दुसरं कोन बघनार?”

त्या क्षणी मी काय काय बोलू शकलो असतो, अशोक. ती रांग मुळापासून काढतो म्हणायला हवं होतं. पट्टी तुमचीच राहू दे, नाचणी मी पेरून देतो, राब मी भाजतो, पीक घरी आणून टाकतो, असं म्हणायला हवं होतं. निदान ती दोन वाक्यं तरी. सगळी तोंडाशी होती. पण तुला खोटं सांगणार नाही, ह्या सगळ्याच्या आधी माझ्या मनात जे आलं ते वेगळंच होतं. मला वाटलं, पट्टी माझ्याकडे आली म्हणजे मधला बांधच उरणार नाही आणि मग जांभळींची सावली दुसऱ्या कुणावर पडायची नाही.

मी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि हो म्हणालो.